कोण म्हणतो गोंयकार सुशेगाद?

गेल्या महिन्यात फोंड्याला एका लग्नाला गेलो होतो. जेवताना शेजारी एक ओळखीचे गृहस्थ बसले. त्यांचा औद्योगिक वसाहतीत छोटासा कारखाना आहे. बोलता बोलता विषय कामगारांवर आला आणि ते एकदम म्हणाले, "आमच्या भुरग्यांक काम नाका रे. सगल्यांक सरकारी कदेल जाय. सुशेगाद जाल्यात सगले!"

मी सोलकढीचा पेला तोंडाला लावला आणि गप्प राहिलो. एक तर लग्नघरात वाद नको, आणि दुसरं म्हणजे मी स्वतः गेली वीसेक वर्षं त्या सरकारी कदेलावरच बसलोय. मी कुठल्या तोंडाने बोलणार?

पण घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. सुशेगाद हा शब्द आम्ही पोर्तुगीजांकडून घेतला. मूळ अर्थ शांत, निवांत, समाधानी. शिवी नव्हेच ती. पर्यटनवाल्यांनी त्याचं जाहिरातीतलं वाक्य केलं आणि कारखानदारांनी त्याची शिवी केली. आता गोव्यातल्या बेकारीचा विषय निघाला की हा एक शब्द फेकायचा, की पुढचे सगळे प्रश्न मिटले. सरकारच्या धोरणाबद्दल कोणी विचारायलाच नको. पोरंच आळशी, त्याला सरकार काय करणार?

आधी आकडे बघू, कारण ते खरंच विचित्र आहेत. दरडोई उत्पन्नात गोवा देशातल्या पहिल्या दोन-तीन राज्यांत असतो. देशाच्या सरासरीच्या अडीच पटींहूनही जास्त आपलं उत्पन्न. आणि त्याच गोव्याचा बेकारीचा दर केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत २०२३-२४ साली साडेआठ टक्क्यांच्या आसपास होता. देशाचा होता ३.२. त्याच्या आदल्या वर्षी तर आपण नऊ टक्क्यांच्या वर होतो. म्हणजे श्रीमंत राज्यांच्या यादीतही वर आणि बेकार राज्यांच्या यादीतही वर!

अर्थशास्त्राचे लोक याचं एक उत्तर देतात आणि ते खोटं नाही. गरीब माणसाला बेकार राहणं परवडत नाही, मिळेल ते काम तो करतो. ज्याच्या घरी बापाचं पेन्शन आहे, थोडं कुळागर आहे, त्याला चांगल्या कामाची वाट पाहण्याची ऐपत असते. गोव्यात ही ऐपत आहे, म्हणून बेकारीचा आकडा मोठा दिसतो. ठीक. पण ही पोरं वाट कशाची पाहतात, आणि जे समोर आहे ते का घेत नाहीत? उत्तर इथे थांबतं, आणि माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

जरा मागे जातो. माझे आजोबा एका भाटकाराचे मुंडकार होते. घराखालची जमीन भाटकाराची, झाडावरचा नारळ भाटकाराचा. चतुर्थी-दिवाळीला त्याच्या घरी कामाला जायचं ते मजुरी न विचारता. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि माझे वडील त्यातल्याच एका शाळेत मास्तर म्हणून लागले. आमच्या घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला रोख पैसा आला. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. हा पैसा कोणापुढे मान न वाकवता आला होता. वडील सांगायचे, पहिल्या पगारानंतर आजोबा भाटकाराच्या अंगणात चपला घालून गेले. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली झाला. आमच्या घरात तो त्या चपलांनी आधीच आणला होता.

बहुजन समाजातल्या हजारो घरांची हीच कथा आहे. सरकारी नोकरी म्हणजे आळसाची गादी असं ज्यांना वाटतं त्यांना हा इतिहास माहीत नसतो. आमच्यासाठी ती मुक्तीचा दुसरा भाग होती. आजची पोरं ती मागतात ती या आठवणीने नव्हे, हेही खरं. त्यांनी भाटकार बघितलेलाच नाही. त्यांनी दुसरं काहीतरी बघितलं आहे. ते म्हणजे खाणी.

दिचोली, साखळी, डिचोलीच्या आसपासचे सगळे गाव, तिकडे सांगे, केपे, सत्तरीचा काही भाग, इथल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. पण किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी सांगतो. चीनमध्ये पोलादाचे कारखाने धडाधड उभे राहायला लागले तेव्हा आपला हलक्या प्रतीचा माल, जो पूर्वी खाणीबाहेर ढिगाऱ्यात पडायचा, त्यालासुद्धा गिऱ्हाईक मिळालं. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं. दशकाच्या सुरुवातीला ते याच्या निम्म्याहूनही कमी होतं. वेळगे, पाळी, आमोणे या रस्त्यावर ट्रकांना ट्रक लागलेले असायचे. झाडांची पानं, कपडे, देवळाचं शिखर, सगळं तांबडं. शाळेतली पोरं घरी आली की आधी नाक धुवायची.

आता या वाढीचं धोरण काय होतं ते पाहा. माल जवळजवळ सगळा कच्चा जायचा. आमोण्याला कच्च्या लोखंडाचा कारखाना आहे, तो अपवाद. बाकी खोदा, ट्रकात भरा, बार्जीत ओता, मुरगांवला बोटीत चढवा. आणि सरकारच्या तिजोरीत रॉयल्टी किती? २००९ च्या ऑगस्टपर्यंत ती किमतीच्या टक्क्यांत नव्हतीच. टनामागे ठरलेले रुपये होते, आणि चांगल्यातल्या चांगल्या मालालाही ते सत्तावीस रुपये होते. बाजारात भाव आभाळाला भिडला तरी सत्तावीस! दर केंद्र ठरवायचं, हे खरं. पण जमीन आपली, पाणी आपलं, फुफ्फुसं आपली. आपल्या लोकप्रतिनिधींनी त्यावर किती आकांडतांडव केलं ते आठवून बघा. २००९ नंतर दहा टक्के झाली, तोवर भरतीची अनेक वर्षं निघून गेली होती.

त्या पैशातून पुढच्या पिढीसाठी काही बाजूला ठेवावं असं कुठल्याही सरकारला सुचलं नाही. शेवटी २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाका. जे घरातली म्हातारी बाई करते, सुगीच्या दिवसांत चार पायल्या बाजूला काढून ठेवते, ते करायला आम्हांला दिल्लीहून न्यायाधीशांनी सांगावं लागलं.

माझ्या चुलतभावाने २००८ साली टिप्पर घेतला. गावात ज्याच्या घराला ओटा होता तो प्रत्येकजण घेत होता. बँक दारात येऊन कर्ज देत होती. तीन वर्षांनी त्याने दुसरा घेतला. त्या कर्जाला जामीन मी राहिलो, कारण बँकेला सरकारी पगाराची स्लिप हवी होती. तेव्हा मला त्यात अभिमानही वाटला होता, खोटं कशाला बोलू.

सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला. बेकायदा खाणकामाचा त्यातला आकडा पस्तीस हजार कोटींच्या आसपासचा होता. राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. भावाचे दोन्ही ट्रक आवाठात झाडाखाली उभे राहिले. पावसाळ्यात त्यांच्या चाकांभोवती गवत वाढलं. पुढे कर्ज सवलतीची सरकारी योजना आली, थोडा श्वास मिळाला. खाणी थोड्याशा सुरू झाल्या तर भाव पडलेले. आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. १६ मार्चपासून पुन्हा सगळं बंद. मधल्या काळात काही महिने माझ्या पगारातून त्याचे हप्ते कापले गेले. तेव्हा घरात काय बोलणी झाली ती इथे लिहीत नाही.

मी न्यायालयाला दोष देत नाही. कायदा मोडला होता, नद्या गाळाने भरल्या होत्या, शेतं गेली होती. बंद व्हायलाच हवं होतं. माझं म्हणणं एवढंच, की लीज २००७ च्या नोव्हेंबरातच संपल्या होत्या हे न्यायालयाने नंतर सांगितलं, ते सरकारच्या खात्याला कागदावर दिसत होतं. मी फायली हाताळणारा माणूस आहे. मुदत संपलेला कागद खात्यात कोणाला दिसत नाही असं होत नाही, न बघायचं ठरवलेलं असतं. पाच वर्षं तो बघितला नाही, आणि त्याच पाच वर्षांत माझ्या भावासारख्या लोकांनी कर्जं काढून ट्रक घेतले. धोरण चुकलं त्याची किंमत धोरण करणाऱ्यांनी मोजली नाही.

त्या दिवसांत आमच्या वाड्यावर कुठली घरं तरली? ज्या घरात एक तरी सरकारी पगार होता ती. शिपायाचा का असेना. हे दहा-बारा वर्षांच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. तीच पोरं आज पंचवीस वर्षांची आहेत. आणि आपण त्यांना विचारतो, बाबा रे, तुला सरकारी नोकरीचंच वेड का?

बरं, खाणी सोडून दुसरं काय आहे? औद्योगिक वसाहती आहेत. वेर्णे, कुंडई, पिळर्ण, तुये. औषधांच्या कारखान्यांत गोवा मोठं नाव. माझ्या बहिणीचा मुलगा डिप्लोमा करून अशाच एका कारखान्यात लागला. 'कारखान्यात लागला' हे बोलायचं, प्रत्यक्षात तो लागला होता कंत्राटदाराकडे. काम कारखान्याचं, मशीन कारखान्याचं, साहेब कारखान्याचा, पण पगार कंत्राटदार देणार. हातात पंधरा हजारांच्या आत. पाळी आठ तासांची म्हणायची आणि बदली माणूस आला नाही की बाराची व्हायची. वाळपईकडून वेर्ण्याला जायचं तर दोन बस बदलायच्या, रात्रपाळी सुटली की बसच नाही. सहा महिन्यांनी कंत्राट 'रिन्यू', म्हणजे नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. सात महिन्यांनी त्याने सोडलं. लग्नात भेटलेल्या गृहस्थांच्या भाषेत तो सुशेगाद.

दुसऱ्या बाजूला एल.डी.सी. म्हणजे अगदी खालचा कारकून. सातव्या वेतन आयोगात त्याचा मूळ पगार १९,९००. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, म्हणजे पहिल्याच महिन्याला तीस हजारांच्या वर. रविवार सुट्टी, शनिवार सुट्टी, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, कर्ज मागायला गेलं तर बँकेत खुर्ची. ज्या पोराला बेरीज-वजाबाकी येते तो काय निवडेल? जो सरकारी नोकरीची वाट पाहतो त्याचं गणित पक्कं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

२०२४ च्या शेवटी नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या. लोकांनी दागिने गहाण टाकून, जमीन विकून लाखो रुपये दिले होते. सगळ्यांनी नैतिकतेवर प्रवचनं केली. मला त्यात एक साधा हिशोब दिसला. दोन पगारांत महिन्याला पंधरा हजारांचा फरक, तोही तीस-पस्तीस वर्षांसाठी. कोणीतरी त्या फरकाची किंमत वसूल करणारच. हा फरक आहे तोवर तुम्ही एक दलाल पकडाल, दुसरा उभा राहील. कर्मचारी निवड आयोग आला, परीक्षा संगणकावर झाल्या, हे चांगलंच झालं. पण त्याने रांग सरळ होते, लहान होत नाही.

आणि या बाबतीत सरकार स्वतः काय करतं? आमच्याच कचेरीत बघा (कुठली ते सांगत नाही, नोकरी टिकवायची आहे). माझ्या टेबलापासून चार टेबलं सोडून एक मुलगी बसते. तीच फाईल, तेच टिपण, तेच शेरे. ती कंत्राटावर, मी कायम. तिच्या पगाराच्या तिप्पट माझा. चतुर्थीच्या बोनसच्या दिवशी ती पाण्याची बाटली भरायला म्हणून उठून जाते आणि बराच वेळ येत नाही. कंत्राटी मजुरीला आवर घालायला १९७० साली देशात कायदा झाला. पुढच्या पन्नास वर्षांत कंत्राटाची वाट कारखान्यांनी धरली आणि त्यांच्या मागोमाग सरकारनेही. मग सरकार कुठल्या तोंडाने कारखानदाराला सांगणार, की बाबा, माणसं कायम कर?

पर्यटनावर फार लिहीत नाही, ते सगळे लिहितात. २०२४ मध्ये एक कोटीच्या वर पर्यटक आले म्हणून सरकारने सांगितलं. त्यातून टॅक्सीवाल्याला, शॅकवाल्याला, खोल्या देणाऱ्याला मिळतं, नाही असं नाही. पण हंगाम संपला की वेटर घरी. मांडवीत कॅसिनोच्या बोटी आहेत, त्यांतल्या नोकऱ्या मोजून दाखवतात आणि त्या बोटींवर ज्यांचे संसार बुडाले ते मोजत नाहीत. मोपचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. पेडण्याच्या लोकांच्या जमिनी गेल्या आणि मग त्यांच्याच पोरांना टॅक्सीच्या काउंटरसाठी आंदोलन करावं लागलं. आणि आता सगळ्यांत मोठा धंदा जमिनीचा. डोंगर विकला की राज्याच्या उत्पन्नाच्या आकड्यात भर पडते, पण त्यातून काम उभं राहतं ते बांधकाम संपेपर्यंतच. पुढे बंगल्याला एक रखवालदार लागतो. माझा चुलतभाऊ सध्या पर्वरीला अशाच एका बंगल्याच्या गेटवर बसतो. मालक दिल्लीचे, वर्षातून दोनदा येतात. चांगली माणसं आहेत, तो सांगतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला मान्य करावा लागेल. साठ हजारांच्या वर सरकारी नोकर आणि लोकसंख्या पंधरा-सोळा लाख. हा पसारा कोणालाही झेपणारा नाही. आमच्यातले सगळेच घाम गाळतात असंही नाही, अकरा वाजता चहाला गेलेला माणूस साडेबाराला येतो हे मी रोज बघतो. आणि कारखान्यात चार दिवस जाऊन पाचव्या दिवशी जत्रेच्या निमित्ताने न जाणारी पोरंही मला माहीत आहेत. सगळा दोष सरकारचा आणि आम्ही सगळे साधुसंत, असं मी म्हणत नाही. पण जत्रेला दांडी मारणारी पोरं प्रत्येक राज्यात असतात. आपलीच पोरं स्विंडनच्या गोदामात रात्रपाळीला उभी राहतात, आखातात पन्नास डिग्री उन्हात राहतात, बोटीवर नऊ-नऊ महिने घर बघत नाहीत. तिथे ती सुशेगाद नसतात. पूर्वी हे आपल्या किरिस्तांव भावांपुरतं होतं. आता आमच्याकडची हिंदू पोरंही आजोबांचा जन्मदाखला शोधत पोर्तुगीज पासपोर्टाच्या मागे असतात. काम करायला तयार आहेत म्हणूनच ना?

तेव्हा सरकारने आणखी सरकारी नोकऱ्या काढाव्यात असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या दोन पगारांमधली दरी बुजवा, एवढंच. २०१४ च्या गुंतवणूक धोरणात पाच वर्षांत पन्नास हजार नोकऱ्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. त्यानंतरची प्रत्येक सरकारंही आकडे देत आली. मला ते आकडे नकोत. ज्या कारखान्याने सरकारकडून जमीन, वीज, सवलत घेतली त्याच्या दारावर एक पाटी लावा: कायम कामगार किती, कंत्राटी किती, त्यांतले स्थानिक किती. दरवर्षी बदला. पाटी रंगवायला फार खर्च येत नाही. रात्रपाळी सुटते त्या वेळेला वेर्ण्याहून फोंडा, साखळी, वाळपईला कदंबची बस सोडा. मुली तर केवळ बस नाही म्हणून नोकऱ्या सोडतात. आणि २०२२ च्या डिसेंबरपासून खाणींचे लिलाव सुरू झालेत, काही ठिकाणी काम पुन्हा चालू झालंय. तेव्हा या वेळी तरी ट्रक घेणाऱ्याला आधीच सांगा, की बाबा, किती वर्षं, किती टन, आणि बंद पडलं तर तुझं काय. माझ्या भावाला हे कोणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं.

एल.डी.सी.ची जाहिरात आली की पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी कचेरीत रांग लागते. परवाही लागली होती. खिडकीवर एक मुलगी आली, कागद पारदर्शक फाईलमध्ये व्यवस्थित लावलेले. एम.एस्सी., रसायनशास्त्र. मी न राहवून म्हटलं, "बाय, कुंडईला इतक्या कंपन्या आहेत..." ती म्हणाली, "आठ महिने होते सर तिथे." मग मी पुढे काही विचारलं नाही. कागद तपासले, रेशनकार्डाची प्रत राहिली होती, ती तिने समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून धावत जाऊन आणली.

"सोमवारी मिळेल ना सर? मंगळवार शेवटची तारीख आहे."

मिळेल, म्हटलं. तिच्या मागे अजून चाळीस जण होते.